ताज्या ख्रिसमस ट्रीने पाणी शोषणे बंद केल्यावर केलेला उपाय

न्यू जर्सीतील आमच्या घरी आणलेल्या फ्रेझर फरने (ख्रिसमस ट्री म्हणून कापून विकले जाणारे सूचिपर्णी झाड) बुंधा बसवलेल्या स्टँडमधले पाणी शोषणे अचानक बंद केले. पातळी सकाळ-संध्याकाळ तशीच राही आणि फांदी बोटांतून हलकेच ओढली तरी हिरव्या सुया (सुईसारखी पाने) हातात येत. पाण्यात साखर घातली, अ‍ॅस्पिरिन विरघळवली, बुंध्याला खालून भोकही पाडले, पण उपयोग शून्य. चढवलेली सगळी सजावट पुन्हा उतरवायची या विचारानेच जीव मेटाकुटीला आला.

कापलेल्या बुंध्यावर काही तासांतच राळ साकळते आणि पाणी वर नेणाऱ्या मार्गांची तोंडे बुजतात, हे खरे कारण. म्हणून दिव्यांचा प्लग काढून सजावट उतरवली, झाड आडवे केले, करवतीने बुंध्याच्या तळाची सुमारे अडीच सेंटीमीटर जाडीची चकती काटकोनात कापून काढली (तिरक्या कापावर झाड नीट उभे राहत नाही) आणि काप ओला असतानाच ते स्टँडमध्ये बसवून नळाचे साधे पाणी काठोकाठ भरले. दुसऱ्या सकाळी पातळी बरीच उतरली होती.

बुंधा स्टँडमध्ये मावत नसेल तर साल मात्र तासू नये, कारण पाणी मुख्यतः सालीलगतच्या बाहेरच्या लाकडातून चढते. त्याऐवजी, बुंध्याच्या व्यासाच्या दर अडीच सेंटीमीटरमागे साधारण एक लिटर पाणी मावेल असा मोठा स्टँड घ्यावा. पाणी कापाच्या खाली गेले की राळ पुन्हा साकळते, त्यामुळे पातळी रोज पाहावी लागते. झाड हीटरच्या झोतापासूनही दूर सरकवले आहे.