कारखान्याचा कार्बन रिपोर्ट भरताय? आधी बिलं नीट वाचा, या चुका टाळा

मार्च संपला की प्लांटमध्ये मेल सुटतात, स्कोप १ (आपण जाळलेलं इंधन आणि गळालेला गॅस) आणि स्कोप २ (विकत घेतलेली वीज) यांच्या कार्बनचा डेटा द्या, उद्यापर्यंत. मग युटिलिटीवाला, स्टोअरवाला आणि अकाउंट्सवाला असे तिघं तीन आकडे देतात आणि जो आधी हाताला लागेल तो एक्सेलमध्ये जातो. बाजारमूल्याने पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांत असाल तर सेबीचा बीआरएसआर (पर्यावरण आणि जबाबदारीचा वार्षिक अहवाल), युरोपात स्टील-ॲल्युमिनियमसारखा माल जात असेल तर सीबॅम (युरोपचा सीमेवरचा कार्बन आकार), आणि सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली, कागद यातल्या मोठ्या प्लांटना तर २०२५ च्या नियमांनी एमिशन इंटेन्सिटीचं, म्हणजे दर टन उत्पादनामागच्या कार्बनचं, टार्गेटच लागलंय. फॉर्म वेगवेगळे, पण लोक चुकतात तिथेच चुकतात, बिल वाचण्यात आणि युनिटमध्ये.

वीजबिलापासून सुरू करा. महावितरणच्या एचटी (हाय टेन्शन) ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरचा फटका धरून मोजलेली वीज) बिल लागतं, त्यामुळे बिलावर जो मोठा आकडा दिसतो तो केव्हीएएचचा असतो, आणि कार्बनसाठी आपल्याला हवा असतो केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली वीज), जो त्याच बिलावर असतो पण कोणी शोधत नाही. पॉवर फॅक्टर ०.९ असेल तर इथेच वीज १० टक्क्यांच्यावर जास्त दाखवली जाते. त्यात एमिशन फॅक्टर (एका युनिटमागे किती सीओटू) जुना, ०.८२ हा आकडा अजून कितीतरी टेम्प्लेटमध्ये फिरतोय, आणि सेंट्रल इलेक्ट्रिसिटी ऑथॉरिटीचा २०२३-२४ चा आकडा ०.७२७ टन प्रति मेगावॉट-अवर आहे. दरवर्षी त्यांचा नवा डेटाबेस काढून बघा, कॉपी-पेस्ट नको. आणि हो, ट्रान्समिशन लॉस स्कोप २ मध्ये मिसळू नका, ते स्कोप ३ मध्ये (आपल्यामुळे पण इतरांकडे होणारं उत्सर्जन) जातं.

कोळसा म्हणजे खरी गोची

बॉयलरला कोळसा असेल तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लॅबचा रिपोर्ट उघडा, त्यात जीसीव्ही (किलोमागे मिळणारी एकूण उष्णता) दोनदा दिलेला असतो, एकदा एअर ड्राइड बेसिसवर आणि एकदा ॲज रिसीव्ह्ड. पहिला आकडा नेहमी मोठा कारण वरची ओल काढून टाकलेली असते, आणि सप्लायरला साहजिकच तोच सांगायला आवडतो. पण तुमच्या वजनकाट्यावर ट्रक ओल्या कोळशासकट मोजला गेलाय ना, मग जीसीव्हीही ॲज रिसीव्ह्डच पाहिजे. आता दुसरी भानगड, आयपीसीसीचे (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) डिफॉल्ट फॅक्टर एनसीव्हीवर (वाफेत गेलेली उष्णता वजा करून उरलेली) असतात, जीसीव्हीवर नाही, कोळशात हा फरक साधारण ५ टक्के धरतात आणि गॅसमध्ये १० टक्के.

आकड्यात बघा. १,००० टन कोळसा, एअर ड्राइड जीसीव्ही ५,६०० किलोकॅलरी प्रति किलो, ॲज रिसीव्ह्ड ५,०००. ५,६०० तसाच घेऊन ९४.६ किलो प्रति गिगाज्यूलने गुणलं तर २,२१८ टन सीओटू येतो. ५,००० मधून ५ टक्के वजा करून ४,७५० घेतला तर साधारण १,८८१ टन. कोळसा तोच, ट्रक तेच, पण ३३७ टनांचा फरक. पीएनजीचं (पाइपने येणारा गॅस) बिल एमएमबीटीयूमध्ये (उष्णतेचं एकक) येत असेल तर तेही जीसीव्हीवरच असतं, तिथेही हेच लक्षात ठेवा.

आणि खरेदी म्हणजे वापर नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेला कोळसा यार्डात पडलेला असतो, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) मात्र झालेली असते, त्यामुळे ओपनिंग स्टॉक अधिक खरेदी वजा क्लोजिंग स्टॉक हा हिशोब कराच, ऑडिटर पहिला हाच विचारतो.

ब्रिकेट (शेतातल्या काडीकचऱ्याचे दाबलेले ठोकळे) जाळतो म्हणजे आमचं शून्य, असं छाती फुगवून सांगणारेही भेटतात. ब्रिकेटचा सीओटू वेगळा, बायोजेनिक (वनस्पतीतून आलेला) म्हणून दाखवायचा हे बरोबर, पण मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्येच धरायचे, १,००० टन ब्रिकेटमागे ते सीओटूच्या हिशोबात साधारण ३० टनांच्या घरात जातात. फार नाही, पण शून्यही नाही.

चिलर आणि एसीचा गॅस तर हमखास राहून जातो. एएमसीवाल्याच्या (देखभालीचा वार्षिक कंत्राटदार) बिलावर फक्त "गॅस टॉपअप" लिहिलेलं असतं, किती किलो ते नाही, कुठला गॅस तेही नाही. १० किलो आर-४१०ए भरला म्हणजे आयपीसीसीच्या पाचव्या अहवालाचा १,९२४ हा आकडा (एक किलो गॅस किती किलो सीओटूइतका तापवतो) धरून १९ टन सीओटूच्यावर गेले, साधारण ७,००० लिटर डिझेल जाळल्यासारखं. म्हणून वर्क ऑर्डरमध्येच टाका की बिलावर गॅसचं नाव आणि किलो नसतील तर पेमेंट अडेल, दोन महिन्यांत सरळ होतात सगळे. जुन्या मशिनमधला आर-२२ स्कोपच्या बेरजेत धरू नका, तो बाहेर वेगळा दाखवतात. आणि मिथेनला हाच गुणक २५ घेतला की २८ हेही बघा, २५ चौथ्या अहवालातला, २८ पाचव्यातला, एकाच शीटमध्ये दोन्ही नकोत.

युरोपात नट-बोल्ट पाठवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, सीबॅमचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, बीआरएसआरचं एप्रिल ते मार्च, त्यामुळे एकाचा आकडा उचलून दुसऱ्यात टाकता येत नाही. शिवाय बोल्टचा मोठा वाटा तुमच्या भट्टीत नसून वायर रॉडमध्ये असतो, तो आकडा स्टील देणाऱ्याकडून आधीच मागा, नाहीतर डिफॉल्ट लागतो आणि डिफॉल्ट मुद्दाम चढा ठेवलेला असतो.

एवढं करूनही आकडा गेल्या वर्षीपेक्षा अचानक उडाला किंवा पडला तर लगेच "एफिशियन्सी वाढली" असं लिहून मोकळं होऊ नका. आधी युनिट तपासा, किलोचं टन आणि केडब्ल्यूएचचं मेगावॉट-अवर झालंय का, मग फॅक्टरचं वर्ष, मग एखादं शेड किंवा डीजी सेट (डिझेल जनरेटर) यादीतून गळलाय का, मग उत्पादन किती झालं ते. आणि चूक गेल्या वर्षीच्या आकड्यातच सापडली तर दाबून ठेवू नका, बीआरएसआरमध्ये चालू आणि मागचं वर्ष शेजारीशेजारी असतं, मागचा रकाना दुरुस्त करून खाली कारण लिहा, दोन ओळी पुरतात.