ऑक्युपेशनच्या रकान्यात काय लिहायचं? जॉबवाल्या इंग्रजी शब्दांच्या या चुका टाळा

फॉर्ममध्ये नाव-पत्ता पटापट भरून होतो आणि ऑक्युपेशनचा रकाना आला की गाडी अडते. मग कोणी कंपनीचं नाव टाकतं, कोणी नुसतं सर्व्हिस, कोणी असिस्टंट मॅनेजर तर कोणी सेल्फ एम्प्लॉइड, आणि चौघांनाही वाटतं आपलं बरोबर. चौघांचंही चुकलंय. तो रकाना एवढंच विचारतोय की तुम्ही दिवसभर नक्की काम काय करता. कोणाकडे करता तो एम्प्लॉयर, कसल्या धंद्यात करता ती इंडस्ट्री, पद कोणतं ते डेझिग्नेशन, आणि सेल्फ एम्प्लॉइड किंवा रिटायर्ड हे तर नुसतं स्टेटस झालं. हॉस्पिटलमध्ये हिशोब लिहिणारी बाई आणि कापड गिरणीत हिशोब लिहिणारा माणूस, इंडस्ट्री दोन पण ऑक्युपेशन एकच.

जॉब आणि ऑक्युपेशन यातही लोक घोळ घालतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामधंद्यांचं जे वर्गीकरण केलंय, ज्याला इस्को म्हणतात, त्यात जॉब म्हणजे एका माणसाने करायची कामं, मग ती दुसऱ्याकडे असोत की स्वतःच्या धंद्यात, आणि ऑक्युपेशन म्हणजे मुख्य कामं बरीचशी सारखी असलेल्या जॉब्सचा गट. म्हणजे जॉब बदलला तरी ऑक्युपेशन तेच राहू शकतं. प्रोफेशन म्हणजे ज्याला रीतसर लांबचं शिक्षण लागतं ते, वकील-डॉक्टर वगैरे. ट्रेड म्हणजे हातात कसब लागणारं काम, प्लंबर, सुतार. आणि करिअर हा आयुष्यभराचा प्रवास, तो एका शब्दात लिहायचा नसतो.

आता खरी गंमत गटांच्या नावात आहे. इस्कोची 2008 ची आवृत्ती बघा, 10 मोठे गट आणि त्यांच्या पोटात शेवटी 436 छोटे गट, प्रत्येकाला चार आकडी कोड. मोठ्या गटांची नावं ओळखीची वाटतात आणि तिथेच फसायला होतं. एलिमेंटरी ऑक्युपेशन्स वाचून प्राथमिक शाळेतल्या बाईंना वाटेल हा आपलाच गट, पण तो आहे साफसफाई, हमाली, सामान उचलणं असल्या साध्या अंगमेहनतीच्या कामांचा. शिक्षक दुसऱ्या गटात, म्हणजे प्रोफेशनल्समध्ये येतात. प्लांट अँड मशीन ऑपरेटर्समधला प्लांट म्हणजे झाड नाही हो, कारखान्यातली यंत्रसामग्री, त्यामुळे माळीकाकांना तिथे घुसवू नका, ते सहाव्या गटात शेतीवाल्यांबरोबर. क्राफ्ट म्हटलं की आपल्याला कागदाची फुलं आठवतात, पण त्या गटात वेल्डर, गवंडी, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक सगळे बसतात. आणि सर्व्हिस म्हणजे आपण म्हणतो ती नोकरी नाही, त्या गटात केस कापणारे, दुकानातले सेल्समन, एवढंच काय पोलीससुद्धा आहेत.

सारख्या दिसणाऱ्या कामांची तर वेगळीच कथा. एकाच किचनमधली तीन माणसं घ्या. मेन्यू ठरवणारा, नवीन पदार्थ बसवणारा, बाकीच्यांवर लक्ष ठेवणारा तो शेफ, कोड 3434. ठरलेल्या रेसिपीने रांधणारा तो कुक, 5120. भाज्या धुणं, भांडी घासणं करतो तो किचन हेल्पर, 9412. पहिला आकडा म्हणजे मोठा गट, त्यामुळे तिघं शेजारी उभे असले तरी कागदावर तीन वेगळ्या गटांत. अकाउंटंटचंही तसंच, हिशोबाची पद्धत आखणारा, सल्ला देणारा 2411 आणि नोंदी करणारा क्लार्क 4311, पण आपल्याकडे दोघांनाही सर्रास अकाउंटंट म्हणतात. माझं मत विचाराल तर दारावरची पाटी विसरा आणि रोज काय करता ते आठवा, कोड आपोआप सापडतो. मॅनेजर लिहायचा मोह तर आवराच, प्लॅनिंग आणि माणसं सांभाळणं हे मुख्य काम असेल तरच तो शब्द.

वाक्यात होणाऱ्या चुका तशा छोट्या पण लगेच खटकतात. जॉब एक, दोन, तीन मोजता येतो, काम या अर्थाचं वर्क मोजता येत नाही, त्यामुळे अ वर्क म्हणू नका, आणि वर्क्स म्हटलं तर समोरच्याला कारखानाही वाटू शकतो. स्टाफ म्हणजे सगळे मिळून, एकट्याला स्टाफ मेंबर म्हणायचं. एम्प्लॉयर काम देतो, एम्प्लॉयी काम करतो, घाईत हे दोन उलटे लिहिले की तुम्हीच तुमचे मालक. टीच करतो तो टीचर म्हणून कुक करतो तो कुकर असं नाही, कुकर हे भांडं. फिजिशियन औषध देतो, फिजिसिस्ट भौतिकशास्त्रवाला. सॅलरी बहुतेक महिन्याची ठरलेली असते, वेजेस तासावर, दिवसावर किंवा कामावर.

एवढं करूनही ड्रॉपडाउनमध्ये आपलं काम सापडत नसेल तर पदाचं नाव टाकून शोधणं सोडा, क्रियापद टाकून बघा, ड्राइव्ह, रिपेअर, टीच, सेल. एकाच जॉबमध्ये दोन प्रकारची कामं करत असाल तर ज्याला जास्त कौशल्य लागतं ते धरायचं, इस्कोचाही हाच नियम आहे. व्हॅन चालवून पार्सल पोचवणारा माणूस त्यात ड्रायव्हर म्हणूनच मोजला जातो, कारण पार्सल हातात देण्यापेक्षा गाडी चालवायला जास्त शिकावं लागतं. आणि अदर हा पर्याय दिसला म्हणून लगेच क्लिक करू नका, तो अगदीच काही जुळलं नाही तर, आणि तेव्हाही शेजारच्या मोकळ्या जागेत बिझनेस एवढंच न लिहिता काय करता ते दोन-तीन शब्दांत लिहा.