ब्लूटूथ स्पीकर आणि फिटनेस बँड: साताऱ्याच्या पावसात या चुका टाळा

जून उजाडला की दुरुस्तीच्या टेबलावर दोन गोष्टी हमखास येतात. बंद पडलेला ब्लूटूथ स्पीकर आणि भलतेच ठोके दाखवणारा फिटनेस बँड. ‘दादा, वॉटरप्रूफ म्हणून घेतला होता, कासला जाऊन आलो आणि गप्पच झालाय,’ हे वाक्य तर पाठ झालंय. (कासच्या पठारावर स्पीकर लावूच नये. लोक तिथे फुलं बघायला आणि चार घटका शांत बसायला येतात.)

खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ किती मोठ्या अक्षरात छापलंय त्याला अर्थ नाही, ‘आयपी’चा आकडा वाचा. वस्तू पाणी आणि धूळ किती सोसेल ते तो सांगतो. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणार. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर साध्या, स्थिर पाण्यात ३० मिनिटं. ‘एक्स’ असेल तर धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही. आयपी६७ मधला ६ मात्र धूळ आत जात नाही असं सांगतो. बँडवर बहुतेक वेळा ५ एटीएम असतं, म्हणजे ५० मीटर खोल पाण्याइतका स्थिर दाब. ही चाचणीच वेगळी, त्यामुळे स्पीकरचा ७ आणि बँडचा ५ शेजारी ठेवून ‘स्पीकर भारी’ म्हणणं चूक आहे. दुसरी गोष्ट लक्षात घ्या. आयपीएक्स७ स्पीकर पाण्यात बुडून वाचेल, पण नळाच्या जोरदार धारेखाली वाचेलच असं नाही, कारण धारेची परीक्षा निराळी असते. बँडला गरम पाणी, वाफ आणि साबण यांचा त्रास होतो. आतली रबरी सील त्यानेच ढिली पडते. आंघोळीला जाताना बँड काढून ठेवा, ५ एटीएम असला तरी.

भिजलेला स्पीकर घरी आणला की बहुतेक लोक पहिल्यांदा चार्जिंगला लावतात, आणि जास्तीत जास्त वस्तू तिथेच मरतात. चार्जिंगच्या तोंडात पाणी असताना वीज सोडली की पिना गंजतात. बँडच्या मागच्या बारीक पिनांचंही तेच होतं, आणि तिथे तर खारट घाम असतो. जवळून पाहिलं तर पिनेच्या कडेला हिरवट-पांढरा थर दिसतो. रोज कोरड्या सुती कापडाने पुसलं तर तो साचत नाही. साचलाच, तर कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने घासा, पूर्ण वाळू द्या आणि मगच चार्जर लावा. भिजल्यावर स्पीकरचा आवाज बसला असेल तर घाबरू नका. जाळी खाली करून पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको आणि तांदळाच्या डब्यात पुरणंही नको, पीठ आत जातं.

आता बँडचे ठोके. मनगटामागचा हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्ताच्या हालचालीवरून ठोके ओळखतो. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि हिशेब चुकतो. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, सरकणार नाही पण वळही उठणार नाही इतका घट्ट बांधा. पहाटेच्या थंडीत हात गार असतात, तेव्हा सुरुवातीचे आकडे धरू नका.

यवतेश्वर घाटात पळणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. पळायला लागून दोन मिनिटं होतात न होतात तोच बँड १६५-१७० दाखवतो, आणि चढ असो की उतार, आकडा तिथेच अडकतो. बरेचदा ते हृदयाचे ठोके नसतातच, ती तुमची पावलं असतात. हाताच्या हेलकाव्याची लय बँड नाडी समजतो. थांबा, मानेवर दोन बोटं ठेवा, १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. फरक मोठा असेल तर पट्टा आवळा. तरीही जमत नसेल तर छातीवर बांधून ठोके मोजणारा पट्टा घ्या, चढाच्या सरावाला तोच विश्वासाचा. पण छातीत दुखतंय किंवा चक्कर येतेय तर आकडा बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

अंतराचंही असंच. ज्या बँडमध्ये स्वतःचं जीपीएस नाही, तो फोन घरी राहिला तर पावलांवरून अंदाज बांधतो. चढावर पाऊल आखूड पडतं, म्हणून अंतर फुगतं. खरेदीआधी ‘जीपीएस बँडमध्ये आहे की फोनचं वापरतो?’ हे विचाराच.

स्पीकर घेताना वॅटच्या आकड्यामागे धावू नका. ‘पीएमपीओ’ (क्षणभराची फुगवलेली ताकद) छापलं असेल तर तो आकडा सोडून द्या, ‘आरएमएस’ (सलग मिळणारी ताकद) बघा. वॅट दुप्पट झाले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. आणि गच्चीवर कार्यक्रम असेल तर रात्री १० नंतर बंद.

मध्येच तुटणाऱ्या जोडणीचं कारण बहुधा फोनमध्येच असतं. स्पीकर आधीच घरातल्या दुसऱ्या फोनला चिकटलेला असतो. दोन्ही फोनमधून ‘फर्गेट’ करून नव्याने जोडा. बँडच्या पावलांची नोंद ॲपमध्ये येत नसेल तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपवरचे निर्बंध काढा.

आणि नवीन स्पीकर टाइप-सी टू टाइप-सी वायरने चार्जच होत नसेल, तर लगेच परत करायला धावू नका. स्वस्त मॉडेलमध्ये त्या तोंडातले दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात, त्यामुळे नवा चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी यूएसबीच्या चार्जरला यूएसबी-ए टू टाइप-सी वायर लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच चार्जिंग सुरू होतं.