अलेक्झांड्रियाची रोमन नाणी ओळखताना या चुका टाळा

ईजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या टाकसाळीतल्या नाण्यांवर चेहरा रोमच्या सम्राटाचा, पण लेख ग्रीक, देव तिथले आणि पंचांगही तिथलंच. रोमच्या नाण्यांची सवय इथे हमखास दगा देते.

सगळ्यात जास्त घोळ सालाचा होतो. मागच्या बाजूला इंग्रजी ‘एल’सारखी खूण असते. ती रोमन 50 नव्हे, तिचा अर्थ ‘वर्ष’. पुढची ग्रीक अक्षरं म्हणजे राजवटीचं कितवं वर्ष: आयोटा 10, एप्सिलॉन 5, म्हणजे 15 वं. ते राज्यारोहणाच्या तारखेपासून मोजू नका. ईजिप्तचं नवं वर्ष 29 ऑगस्टला (लीप वर्षाच्या आदल्या साली 30 ला) लागायचं. सम्राट हेड्रियन 11 ऑगस्ट 117 ला गादीवर आला, त्यामुळे त्याचं पहिलं वर्ष अडीच आठवड्यांत संपून दुसरं लागलं. त्याच्या वर्षात 115 मिळवा: 15 वं वर्ष ऑगस्ट 130 ला सुरू होतं. त्या वर्षी तो स्वतः ईजिप्तमध्ये होता, आणि काही नाण्यांवर अलेक्झांड्रिया नगरी त्याचं स्वागत करताना दिसते. किती सुंदर पुरावा आहे हा!

नाईलदेवाच्या नाण्यावर मात्र आणखी सावध राहा. टेकून पहुडलेला दाढीवाला, हातात वेळू, खाली मगर. शेजारी कधी 16 चा आकडा असतो. वर्षाची खूण नसेल तर ते साल नव्हे. नदीला 16 हात पूर म्हणजे सुगीची हमी, त्याचा तो आकडा.

दाढीवाला प्रत्येक देव ग्रीकांचा देवराज झ्यूसही नव्हे. डोक्यावर टोपलीसारखं धान्याचं माप दिसलं की तो सेरापिस, अलेक्झांड्रियाचा ग्रीक-ईजिप्शियन देव. मानवी डोक्याचा घडा म्हणजे कनोपस, म्हणजे ईजिप्तचा देव ओसायरिसच. त्याला अर्धपुतळा समजू नका.

कडेला ओतकामाचा तुटका दांडा दिसला म्हणून नाणं बनावट ठरवू नका. इथे कोऱ्या चकत्या ओतून मग ठसा मारत. शंका घ्यायची ती कडेभर फिरणारी सांध्याची रेघ आणि चित्रावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर.

वजनही काळानुसार बदलतं: हेड्रियनचं टेट्राड्राख्म (चार ड्राख्मांचं नाणं) सुमारे 13 ग्रॅम, नंतरच्या सम्राट डायोक्लेशियनचं 8 च्या आसपास आणि जवळजवळ तांब्याचंच. चिंच-लिंबाने घासाल तर वरचा चांदीचा पातळ थर कायमचा जाईल. पोपटी भुकटी (तांब्याचा पसरणारा गंज) सुटली असेल, तर ते नाणं लगेच वेगळं काढून सिलिका जेलसह कोरडं ठेवा; कोकणातल्या दमट हवेत ती झपाट्याने वाढते.