देखाव्याच्या दोरीपलीकडे : उद्याचे बेळगाव अनुभवायला कसे द्यावे

गणेशोत्सवातले देखावे आणि शिवजयंतीचे चित्ररथ उभारणाऱ्या बेळगावकरांना एखादे जग हुबेहूब उभे करण्याची कला नव्याने शिकवावी लागत नाही. मात्र देखाव्यात प्रेक्षक दोरीच्या अलीकडेच राहतो. भविष्याच्या अनुभव-रचनेत, म्हणजे पुढचा काळ खऱ्यासारखा उभा करून लोकांना त्यात वावरायला देण्याच्या पद्धतीत, तो आत शिरतो, वस्तू हाताळतो आणि त्याला काहीतरी ठरवावे लागते. २००६ साली होनोलुलूत, राज्याच्या दीर्घकालीन नियोजनासाठी, २०५० मधील हवाईची चार वेगवेगळी चित्रे चार खोल्यांत उभारून नागरिकांना त्यांत नेले होते.

आरंभ एका ठिकाणापासून आणि एकाच प्रश्नापासून करावा. बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याचेच घ्या. गाळ, अतिक्रमणे आणि सांडपाणी यांमुळे त्याचे पाणी पावसाळ्यात काठच्या भातशेतीत शिरते. ‘हिरवे बेळगाव’ अशा मोघम विषयातून फार तर फलक तयार होतात. त्यापेक्षा ‘२०४५ च्या आषाढात हा नाला काठ न सोडता वाहतो आहे, तर त्यासाठी कोणी काय सोडले?’ असा प्रश्न धरावा.

मग त्या काळातला अगदी साधा प्रसंग निवडावा, उदाहरणार्थ शेतकरी सोसायटीची बैठक. आठ-दहा जणांनाच आत घ्यावे आणि दारातच प्रत्येकाला भूमिकेची चिठ्ठी द्यावी: कोणी काठावरचा शेतकरी, कोणी वरच्या वसाहतीतला घरमालक, कोणी भाडेकरू. टेबलावर पाणीपट्टीचे बिल, नाला रुंद करण्यासाठी दिलेल्या जमिनीचा उतारा आणि बासमतीचे उघडे पोते असावे. तांदळाचा वास भाषणापेक्षा लवकर पटतो. बिलावर थकबाकी अवश्य दाखवावी, कारण चांगल्या भविष्यातही भांडणे उरतात आणि ती नसली की लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत. पाट्या मराठी व कन्नड दोन्हींत, सारख्याच आकाराच्या असाव्यात. नाहीतर चर्चा पाटीवरच अडेल, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. आभासी वास्तवाचे चष्मे मिळाले तरी मी ते टाळीन, कारण ते घातलेल्या माणसाला शेजारचा दिसत नाही, आणि बैठक तर शेजाऱ्याशीच करायची आहे.

भीती दाखवणे सोपे असते. लंडनच्या सुपरफ्लक्स या संस्थेने संयुक्त अरब अमिरातीच्या ऊर्जानियोजनात सहभागी असलेल्यांना भविष्यातील दूषित हवा हुंगायला दिली होती. असा इशारा एका श्वासात पोचतो. चांगल्या भविष्याला मात्र वेळ लागतो, म्हणून बैठकीला किमान अर्धा तास द्यावा आणि अखेरीस नाल्यासाठी दिलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा भार कोणी सोसायचा यावर प्रत्यक्ष मतदान घ्यावे. तालीम नाल्याकाठच्या शेतकऱ्यांसमोर आधी करावी. खोटे वाटणारे तपशील ते लगेच दाखवून देतात.

बाहेर आल्यावर लगेच घरी सोडू नये. २०४५ पासून मागे येत ‘२०३५ पर्यंत काय झालेले असायला हवे, आणि यंदा काय?’ असे विचारावे व उत्तरे नोंदवहीत लिहून घ्यावीत. ती वही ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला देण्यापूर्वी सहभागींची नावे काढून टाकावीत, कारण अतिक्रमणाविषयी उघड बोललेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत राहायचे असते.