इथिओपियन शेजाऱ्यांकडून मदतनिधीच्या जेवणाचं ऐनवेळी बोलावणं आलं तर

वॉशिंग्टन डी. सी., सिल्व्हर स्प्रिंग, अलेक्झांड्रिया या पट्ट्यात इथिओपियन वस्ती मोठी आहे, आणि तिथल्या मराठी घरांना असं बोलावणं कधीही येऊ शकतं. शेजारचे काका दुपारी दारात येऊन सांगतात, आज संध्याकाळी आमच्या गावच्या शाळेसाठी जेवण ठेवलंय, तुम्हीही या. जरूर जा. निघण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी विचारून घ्या.

पहिली वेळ. इथिओपियात तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले संध्याकाळचे सात हा त्यांचा रात्रीचा एक. पत्रिकेवर अमेरिकन वेळ असते, पण वयस्कर माणसं तोंडी सांगताना जुन्या हिशेबाने बोलून जातात. ‘एक वाजता’ असं कानावर आलं तर ‘सात ना?’ म्हणून खात्री करा.

दुसरा प्रश्न: ‘आज त्सोम आहे का?’ त्सोम म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास. ईस्टरनंतरचे ५० दिवस सोडले तर तो दर बुधवारी आणि शुक्रवारी असतो, शिवाय ईस्टरआधी ५५ दिवस. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, तूप काहीच नसतं, त्यामुळे शाकाहाऱ्यांची चंगळ. फक्त काहीजण उपासाला मासे खातात, तेवढं विचारा. एरवी ‘येत्सोम’ पदार्थ मागायचे: मसुरीचं तिखट मिसिर वॉत, हळदीचं पिवळ्या डाळीचं किक अलिचा, गोमेन ही पालेभाजी, आणि शिरो. शिरो नावाला फसू नका, ते आपल्या पिठल्याचं भावंड आहे. त्यातही ‘बोझेना शिरो’त मांस असतं, आणि उपास नसेल तर साध्या शिरोतही निटर किब्बे हे मसाल्याचं तूप पडतं. तेज म्हणजे मधाची दारू. रंग सरबतासारखा दिसतो, म्हणून न पिणाऱ्यांनी आधी विचारावं.

जमलेले सगळे ख्रिश्चनच असतील असं धरून चालू नका, मुसलमान इथिओपियनही बरेच आहेत. आणि एरिट्रियन माणसाला इथिओपियन म्हणू नका. इंजेरा (त्यांची आंबोली) तोच, कॉफी तीच, पण १९९३ पासून देश वेगळा आहे आणि मधे युद्ध होऊन गेलंय. गप्पांना सुरुवात हवी असेल तर आपल्याकडे खरा धागा आहे: खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचाच. शिवाय त्यांच्या आधीच्या पिढीतल्या अनेकांना शाळेत भारतीय शिक्षक होते. तो विषय निघाला की म्हातारी माणसं खुलतात.

जेवण एका मोठ्या ताटात, चार-पाच जणांत. तळाला इंजेरा: टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची, दीड फुटाच्या आसपासची, एका बाजूला जाळी पडलेली आंबोलीच म्हणा. हात धुऊन उजव्या हाताने खायचं. बोटांच्या टोकांनी ओढलं की इंजेरा फाटतो आणि रस्सा मनगटावर येतो. तळहाताएवढा तुकडा काढा, जाळीची बाजू भाजीवर दाबा, चिमटीत बंद करा. आपल्यासमोरचंच खा आणि बोटं चाटू नका. तळाचा रस्सा मुरलेला तुकडा सगळ्यात चवदार, त्याला पोटात जागा ठेवा. ग्लुटेन चालत नसेल तर विचारा, अमेरिकेत बऱ्याचदा टेफमध्ये गहू किंवा बार्ली मिसळतात.

मधेच कुणी घास तुमच्या तोंडाशी आणेल. ही गुर्शा, आपलं घास भरवणंच. घास मोठा असतो. मागे सरकलात तर भरवणाऱ्याचा हात अवघडून तसाच राहतो. तोंड पूर्ण उघडा, बोटांना दात लागू न देता घ्या आणि थोड्या वेळाने तुम्हीही भरवा.

पैशांचा आकडा घरूनच ठरवून जा. लिलाव असेल तर कुणी घेतलेली वस्तू परत दान करतो आणि ती पुन्हा बोलीला येते, त्या भरात हात सहज वर जातो. चेक संस्थेच्या नावाने लिहा, शेजाऱ्याच्या नव्हे. १०० डॉलर दिले आणि जेवण ४० चं धरलं, तर करासाठी देणगी ६० चीच. ७५ डॉलरच्या वर दिले असतील तर जेवणाची किंमत संस्थेने लेखी कळवायची असते. २५० किंवा अधिक देणगीला लेखी पोच लागते. सोडतीची तिकिटं देणगीत धरत नाहीत.

शेवटी कॉफी. इथे घाई करणं खरोखर वाईट दिसतं. हिरव्या बिया समोर धुऊन तव्यात भाजतात आणि धुरासकट तवा प्रत्येकापुढे फिरवतात. आपण आरती घेतो तसा तो धूर हाताने चेहऱ्याकडे ओढायचा. मग कुटून, जेबेना या मातीच्या सुरईत उकळून, बिनकानाच्या छोट्या पेल्यांत ओततात. त्याच चोथ्यावर पाणी घालून तीन फेऱ्या: अबोल, तोना, बरका. तासभर सहज जातो. रात्री झोप उडत असेल तर अबोल अर्धाच मागा, तो सगळ्यात कडक. बरका पातळ असते आणि तिचा अर्थ आशीर्वाद, म्हणून ती घेतल्यावरच निघायचं बोला.