पाचव्या जागेची खाच

माझे मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते आणि १९८३ साली इंग्लंडहून परतताना त्यांनी झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक सोबत आणला होता. आजोळच्या टीव्हीचा ट्यूनर फक्त व्हीएचएफचा होता, आणि स्पेक्ट्रम आपले चित्र यूएचएफच्या ३६व्या वाहिनीवर पाठवत असे. त्यामुळे ओळखीच्या एका घरी दोन संध्याकाळी चालवून झाल्यावर तो संगणक जो माळ्यावर गेला, तो २०११ साली मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या हाती आला. आज मी भोसरीत जिग, म्हणजे सर्किट बोर्ड बसवून तपासण्याची साधने, बनवण्याचे काम करते, आणि त्या कामाची पहिली शिकवण मला याच यंत्राने दिली. जुन्या संगणकात स्वतःचे कनेक्टर आणि आतले जादा सर्किट बसवू पाहणाऱ्या नवख्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला यंत्राच्या निवडीविषयी थोडे. स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आला. त्यात ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, १६ के रॉम आणि १६ किंवा ४८ के रॅम असे. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला होता, त्यामुळे एखाद्या नातेवाइकाच्या कपाटात तो आजही सापडू शकतो. शिकण्यासाठी हे यंत्र मला फार योग्य वाटते, कारण त्यातला यूएलए, म्हणजे पडदा रंगवणारी आणि खास याच यंत्रासाठी बनवलेली चिप, हा एक अपवाद सोडला तर सगळे भाग सुटे आहेत, डोळ्यांना दिसतात आणि मल्टिमीटरच्या टोकाखाली येतात. मात्र सोल्डर काढण्याचा सराव त्यावर करू नये. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किलोच्या भावाने मिळणारे भंगार बोर्ड आणावेत, त्यांवरच्या चाळीस पायांच्या निदान दहा चिप्स बोर्डावरची एकही पट्टी न उचलता काढून पाहाव्यात, आणि मगच जुन्या यंत्राचे पाच स्क्रू सोडवावेत.

यंत्र उघडल्यावर काहीही बदलण्याआधी वीजपुरवठा तपासायचा. मूळ ॲडॉप्टर ९ व्होल्टचा असून त्याच्या गोल पिनेचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. बाजारात आज मिळणारे बहुतेक ॲडॉप्टर याच्या नेमके उलटे असतात आणि तरीही त्यांची पिन त्या भोकात बिनबोभाट बसते. आकार जुळला म्हणजे जोडणी जुळली असे नव्हे, हे या कामात पदोपदी लक्षात ठेवावे लागते. पुढची मोजणी रॅमची. खालच्या १६ के साठी ४११६ जातीच्या आठ चिप्स असतात आणि त्यांना तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात: पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर १२ आणि नवव्यावर ५ व्होल्ट, सोळावा पाय शून्याचा, म्हणजे ग्राउंडचा. यातले उणे ५ व्होल्ट नाहीसे झाले आणि बाकीची दोन चालू राहिली, तर या चिप्स मरतात. ही व्होल्टेज तयार करणाऱ्या भागातला टीआर-४ हा ट्रान्झिस्टर स्पेक्ट्रममधले ओळखीचे दुखणे आहे. मामांच्या यंत्रात तो सुदैवाने शाबूत होता. चित्र येत नाही म्हणून पुनःपुन्हा चालू-बंद करून पाहण्याची घाई होते, ती टाळावी. तीन आकडे वहीत लिहून होईपर्यंत यंत्र पुन्हा चालू करू नये.

चित्राचे काम त्या मानाने सोपे आहे. मॉड्युलेटरच्या, म्हणजे चित्र टीव्हीच्या वाहिनीवर पाठवणाऱ्या भागाच्या, पत्र्याच्या डबीत बाहेरून दोन तारा जातात, त्यांतली एक ५ व्होल्टची आणि दुसरी कॉम्पोझिट चित्रसंकेताची. कोणती कुठली ते मीटर लावून ठरवावे. दोन्ही तारा डबीपासून सोडवायच्या, ५ व्होल्टची तार नीट इन्सुलेट करायची, डबीच्या आत आरसीए सॉकेटच्या मधल्या पिनेला लागलेला रेझिस्टर सोडवायचा आणि चित्राची तार १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून, त्याचे धन टोक बोर्डाकडे ठेवून, त्या पिनेला जोडायची. एवढे केले की टीव्हीच्या व्हिडिओ इनपुटवर चित्र येते. या बदलात मूळ सॉकेट मूळ जागीच राहते, कवचाला एकही नवे भोक पडत नाही आणि सोडवलेला रेझिस्टर डबीतच एका टोकावर उभा ठेवला तर पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत करता येते. करड्या पडद्याच्या तळाशी उमटणारी १९८२ सालाच्या कॉपीराइटची ती एक ओळ मामांनी जवळजवळ तीस वर्षांनी पाहिली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता मुख्य विषय, म्हणजे पाठीमागचा एज कनेक्टर. स्पेक्ट्रमच्या बोर्डाची मागची कडाच कनेक्टरचे काम करते: वर २८ आणि खाली २८ जागा, दोन जागांमधले अंतर २.५४ मिलिमीटर, आणि पाचव्या जागी बोर्डालाच कापलेली एक खाच. मला जॉयस्टिकसाठी केम्पस्टन या स्पेक्ट्रमवरच्या प्रचलित पद्धतीचे सर्किट जोडायचे होते. त्यासाठी लागणारा तयार कनेक्टर इथे मिळेना, म्हणून मी जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा आठ बिटांचा आयसा स्लॉट (जादा कार्ड बसवण्याचे सॉकेट) काढला. त्यातही अंतर २.५४ मिलिमीटरच असते आणि दर बाजूला ३१ संपर्क असतात. तीन संपर्क करवतीच्या पात्याने कापले, कड कानशीने साफ केली आणि २८चा कनेक्टर तयार झाला. तो बोर्डावर इतका छान बसला की पाचव्या जागेच्या खाचेकडे माझे लक्षच गेले नाही. कारखान्यात बनलेल्या कनेक्टरमध्ये त्या जागी संपर्काऐवजी प्लास्टिकची एक पातळ भिंत असते आणि ती खाचेत शिरल्याशिवाय कनेक्टर पुढे सरकत नाही. माझ्या कनेक्टरमध्ये त्या जागी इतर जागांसारखाच संपर्क होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी सर्किट काढून पुन्हा बसवताना कनेक्टर एका जागेने बाजूला बसला. बोर्डाच्या खालच्या बाजूला तिसऱ्या जागी ५ व्होल्ट आहेत आणि त्याला लागून चौथ्या जागी ॲडॉप्टरकडून थेट येणारे, रेग्युलेटरच्या (९ व्होल्टचे ५ करणाऱ्या भागाच्या) आधीचे ९ व्होल्ट आहेत. खाचेनंतरच्या सहाव्या आणि सातव्या अशा दोन्ही जागा शून्याच्या आहेत. एका जागेच्या चुकीने काय झाले ते आता पाहा. माझ्या सर्किटचा ५ व्होल्टचा पाय ९ व्होल्टवर टेकला, आणि शून्याच्या जागा दोन असल्यामुळे शून्याची जोडणी मात्र अखंड राहिली. म्हणजे सर्किट बंद पडले नाही, तर पूर्ण शक्तीनिशी चुकीच्या व्होल्टेजवर चालू लागले. माझ्या सर्किटमधल्या ७४एचसी जातीच्या लॉजिक चिप्स ७ व्होल्टच्या वर तग धरत नाहीत. माझ्या दोन्ही चिप्स तापून गेल्या आणि जाताना त्यांनी प्रोसेसरच्या डेटा लाइनवर ते जादा व्होल्टेज ढकलले. पडद्यावर रंगीत चौकोन उमटून स्थिर झाले. बोट लावले तेव्हा झेड-८० चटका बसण्याइतका गरम झाला होता.

यूएलए मात्र वाचला, आणि तो का वाचला हे समजून घेताना मी जितके शिकले तितके त्या वर्षीच्या कोणत्याही तासाला शिकले नव्हते. यूएलएला पडदा रंगवण्यासाठी खालच्या १६ के रॅममधून सतत वाचावे लागते आणि त्याच वेळी प्रोसेसरला रॉममधून आपले काम चालू ठेवायचे असते. दोघांना वेगळे ठेवण्यासाठी तयार बफर चिप न वापरता डेटाच्या आठ लाइनींवर ४७० ओहमचे आठ रेझिस्टर टाकले आहेत. खर्च वाचवण्यासाठी केलेली ही योजना त्या दिवशी यूएलएच्या पुढे ढालीसारखी उभी राहिली. यूएलए खास या यंत्रासाठी बनलेला असल्याने तो गेला असता तर बाजारात मिळाला नसता, तर झेड-८० तेव्हा कोणत्याही मोठ्या दुकानात मिळत होता. (१९७६ साली आलेल्या त्या चिपचे मूळ स्वरूपातले उत्पादन थांबवण्याचा निर्णय तिच्या कंपनीने २०२४ साली जाहीर केला, त्यामुळे आता एखादी जादा घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे.) मी चाळीस पाय एकेक करून मोकळे केले, तिथे सॉकेट बसवले आणि नवा प्रोसेसर लावला.

कनेक्टर मी टाकला नाही. पाचव्या जागेचे वरचे-खालचे दोन्ही संपर्क चिमट्याने ओढून काढले, भंगार बोर्डाचा एक लहान तुकडा कानशीने घासून खाचेच्या जाडीचा केला आणि तो इपॉक्सीने त्या जागी चिकटवला. हा तुकडा जेमतेम नखाएवढा आहे आणि तो बनवायला पाऊण तास लागला. तुम्ही आयसा स्लॉटपासून कनेक्टर करणार असाल, तर तारा जोडण्याआधी हे काम करा. नंतर यंत्र बंद ठेवून मीटरचे एक टोक बोर्डावरच्या ५ व्होल्टवर आणि दुसरे तुमच्या सर्किटच्या ५ व्होल्टवर ठेवून खात्री करा. मग कनेक्टर मुद्दाम डावीकडे-उजवीकडे सरकवून चुकीचा बसतो का, तेही पाहा. बरोबर बसतो का हे सगळेच पाहतात, चुकीचा बसू शकतो का हे पाहायची सवय लावून घ्यावी लागते. आणि वीज चालू असताना या कनेक्टरला हात लावू नये, कारण नुसत्या हलण्यानेही शेजारच्या दोन जागा क्षणभर एकमेकींना भिडू शकतात.

काही महिन्यांनी मी तेच सर्किट यंत्राच्या आत नेले. ते लहानसे आहे: ७४एचसी३२ मध्ये प्रोसेसरच्या विसाव्या, एकविसाव्या आणि पस्तिसाव्या पायांवरचे आयओआरक्यू (पोर्टशी बोलण्याचा), आरडी (वाचण्याचा) आणि ए५ (पत्त्याच्या एका लाइनचा) हे संकेत एकत्र करायचे, आणि तिन्ही शून्य झाले की ७४एचसी२४० ने जॉयस्टिकची स्थिती उलटी करून डेटा लाइनींवर ठेवायची. प्रोग्रॅमला ती ३१ क्रमांकाच्या पोर्टवर वाचता येते. प्रोसेसर आणि सॉकेट यांच्या मध्ये बोर्ड बसवण्याचा माझा पहिला बेत फसला, कारण कवच इतके बसके आहे की कळांचा पत्रा खाली येईना. शेवटी बोर्ड मोकळ्या जागेत आडवा ठेवून तेरा तारांनी जोडला. आतली जोडणी पिन हेडरने केली असेल तर तो उलटाही बसतो, म्हणून एक पिन कापून समोरचे भोक बुजवून टाकावे.

जॉयस्टिकचे नऊ पिनांचे डी-सॉकेट हा आणखी एक सापळा आहे. पीसीच्या जुन्या सीरियल पोर्टलाही याच आकाराचा कनेक्टर असतो, त्यावर १२ व्होल्टपर्यंत धन आणि ऋण अशी दोन्ही व्होल्टेज असू शकतात. माझ्या सॉकेटवर मी 'फक्त जॉयस्टिक' असे लिहून ठेवले आहे आणि प्रत्येक दिशेच्या तारेत एकेक रेझिस्टर टाकला आहे. हे सॉकेट बसवण्यासाठी कवच कापण्याचा मोह मी आवरला. पाठीमागे एज कनेक्टरसाठी असलेल्या रुंद खिडकीच्या कडेने आखूड केबल बाहेर काढली आणि आत तिला गाठपट्टीने बांधले, म्हणजे ओढ बसली तर ती सोल्डरवर न येता पट्टीवर येते. चाळीस वर्षांचे प्लास्टिक एकदा कापले की ते पुन्हा जोडता येत नाही, म्हणून उपलब्ध भोकांमध्ये काम होत असेल तर नवे भोक पाडू नये असे माझे ठाम मत आहे. आत भर घालताना ७८०५ रेग्युलेटरचाही विचार करावा लागतो. त्यात ९ व्होल्ट येतात आणि ५ बाहेर पडतात, म्हणजे दर अँपियरमागे ४ वॅट उष्णता होते. नवीन सर्किट जेवढा विद्युतप्रवाह घेईल तेवढी ती वाढेल. त्याच तीन पायांवर बसणारा स्विचिंग रेग्युलेटर लावला की कवच कोमटही होत नाही.

डिप्लोमानंतर नोकरीसाठी मुलाखतीला गेले तेव्हा गुणपत्रिकेसोबत मी ते जळलेले सर्किट आणि दुरुस्त केलेला कनेक्टर नेला होता. मुलाखत घेणाऱ्या सरांनी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि कनेक्टर हातात घेऊन विचारले, "हा तुकडा कशासाठी?" पुढचा अर्धा तास आम्ही केवळ त्याविषयी बोललो. जिग बनवणाऱ्याचे काम हेच असते: दिवसाला शेकडो बोर्ड कोणीतरी घाईने लावणार आणि काढणार, त्यांतला एकही उलटा किंवा सरकून लागता कामा नये. तुम्ही विद्यार्थी असाल तर बिघडलेली वस्तू फेकू नका. तिच्यात काय, कोणत्या क्रमाने आणि कशामुळे गेले हे मीटरच्या आकड्यांसह लिहून ठेवा आणि मुलाखतीला ती सोबत न्या. मी आता स्वतः उमेदवारांशी बोलते, आणि चाललेल्या प्रकल्पाच्या फोटोंपेक्षा अशा वहीची दोन पाने मला अधिक सांगून जातात.

शेवटची सूचना कवच बंद करण्यापूर्वीची. यंत्रात केलेला प्रत्येक बदल तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत, उष्णतेपासून दूर, चिकटवून ठेवावी, कारण पुढच्या वेळी ते उघडणारी व्यक्ती तुम्हीच असाल असे नाही. मामांच्या स्पेक्ट्रममधल्या चिठ्ठीवर आज सात नोंदी आहेत. मॉड्युलेटरमधला सोडवलेला रेझिस्टर कुठे आहे ते पहिल्या नोंदीत आहे, आणि तिसरीत लाल शाईने लिहिले आहे: 'खालची बाजू, जागा ३ वर ५ व्होल्ट, जागा ४ वर ९ व्होल्ट. खाचेतला तुकडा जागेवर आहे का, ते आधी पाहा.'